पट्ट्याचा जोड

बायको गेल्यावर मुलगा मला इचलकरंजीहून चेन्नईला घेऊन आला. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे भाग तपासायचा आणि रविवारी मित्रांबरोबर बँड वाजवायचा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणे. त्यात गिटार, त्यात मृदंगम, मधेच लग्नातला नादस्वरम, तोही कीबोर्डातून. श्रीखंडात सांबार ओतल्यासारखं. मी तसं तोंडावर सांगितलं. पोरं उलट खूश झाली.

माझं भांडण वेगळंच होतं. बायकोच्या आवाजाची एकच कॅसेट होती. मागासाठी घरच्या मशीनवर कांड्या सुतानं भरताना ती गुणगुणायची, ते मुलानं शाळेत असताना टेप केलेलं. ती गेल्यावर ऐकायचं धाडस झालं नाही. झालं तेव्हा ट्रंकेत कॅसेट नाही!

"अप्पा, मी घेतलीय. कार्यक्रम झाला की देतो."

"तुझ्या कार्यक्रमाला घाल चुलीत. आधी कॅसेट दे."

महिनाभर हेच.

कार्यक्रम एग्मोरच्या एका हॉलात होता. मला उकडतं म्हणून स्टेजच्या कडेला पंख्याखाली बसवलं. शेजारीच मेन स्विच. गाणं सुरू झालं. सात ठोके पडले की गचका, परत सात, परत गचका. मी बत्तीस वर्षं माग चालवलाय. ठोका चुकला की आधी माग बंद करायचा, नाहीतर सूत नेणारा धोटा उडून कुणाचा तरी डोळा जातो. विचार करायचा नसतो, हात आपोआप जातो.

गेला. हॉलभर अंधार.

"अप्पा! काय केलंत?"

"तुमचा ठोका चुकतोय. सातावर अडकतोय."

मृदंगमवाला तंजावरकडचा मराठी. तमिळ हेलात म्हणाला, "मामा, सातच आहेत हो. मुद्दाम."

"मुद्दाम कोण चुकतं?"

मुलगा हळूच म्हणाला, "अप्पा, पुढं आई होती."

स्विच मीच वर केला. पहिल्यापासून सुरू करा म्हटलं. हात मांडीखाली दाबून बसलो. बराच वेळ गोंगाट झाला, मग सगळी वाद्यं थांबली. राहिलं नुसतं तिच्या कांडी-मशीनचं खट खट. सात खट आणि गचका. त्या मशीनच्या पट्ट्याचा जोड उसवला होता, तो चाकावर आला की गचका. त्यावर तिचं गुणगुणणं. आणि मग खणखणीत,

"अवो, ह्यो पट्टा कवा जोडणार? मी मेल्यावर?"

समोर बसलेल्यांत कुणाला मराठी कळत नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळी वाद्यं परत त्याच सातावर तुटून पडली.

मी तेव्हा "उद्या" म्हणालो होतो. मशीन भंगारात गेलं तरी जोडला नव्हता.

बाहेर आल्यावर मुलानं कॅसेट हातात दिली. म्हणाला, "जोडला असतात तर हे गाणंच झालं नसतं, अप्पा."

"हे तिला सांग," मी म्हणालो. "माझं ती ऐकायची नाही."