पंचेचाळीसची तबकडी

जे काम सुरळीत होतं त्याचे किस्से होत नाहीत. आमच्या बँडचे किस्से किती साठलेत, यावरूनच बँडचं काय झालं ते ओळखा. आम्ही जन्मात एकच रेकॉर्ड काढली, तीही कुठल्या कंपनीविना: छोटी व्हिनाइल तबकडी, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. दोन्ही गाण्यांत वर पंक रॉकचा आरडाओरडा आणि त्याच्या तळाशी कॉम्प्युटरचं इलेक्ट्रॉनिक संगीत. आता बँड नाही. भेटलो की तेच किस्से उगाळतो, हसतो, आणि आपापल्या घरी जातो.

*

बंगळूरच्या शिवाजीनगरला पत्रे ठोकणाऱ्या एका गॅरेजच्या माडीवर आमची प्रॅक्टिस चालायची. मी बेस गिटार वाजवायचो. ड्रमवर रघू. त्याच्या घरचा यशवंतपूरला कांद्याचा ठोक व्यापार, आणि घराणं बंगळूरात इतकं जुनं की मराठी बोलताना मधूनच कन्नड डोकावायचं. कॉम्प्युटरवर ठेका देणारं मशीन सांभाळायचा सुमित, पुण्याहून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला आलेला.

रघू रंगात आला की प्रत्येक ओळीशेवटी एक जादा दणका घालायचा. तेवढ्यात मशीन पुढं निघून जायचं. एक दिवस तो वैतागला.

"स्वल्प थांब म्हण की त्याला."

"ते थांबत नाही रे. दॅट्स द होल पॉइंट!" सुमित म्हणाला.

"सरी, बरंय. मग संसार तूच कर त्याच्याशी." रघूनं काठ्या ठेवल्या आणि तो कॉफी प्यायला निघून गेला.

*

गाणारी होती गिरिजा. गाणारी म्हणजे किंचाळणारी, पण तिचं किंचाळणंसुद्धा सुरात असायचं. तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, आणि नंतर आवाज कसा राहील ते सांगता येणार नाही. रेकॉर्डचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं ते तेव्हा. फाइल पुसली जाते, तबकडी हातात धरता येते, एवढाच आमचा विचार. तिचा आवाज जायच्या आत कुठंतरी कोरून ठेवायचा होता.

तोवर तो जपायचा म्हणून प्रॅक्टिसला ती माइकपुढे उभी राहून नुसते ओठ हलवायची. आम्ही तिच्या ओठांकडे बघून वाजवायचो. असंच एकदा वाजवून खाली उतरलो, तर आमच्यावर कायम खार खाऊन असलेला गॅरेजवाला चक्क हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, आज पहिल्यांदाच गाणं झकास झालं!

गिरिजा पोट धरून हसली. हसता हसता पायरीवर बसली आणि रडायला लागली. आम्ही तिघं ठोंब्यासारखे उभे होतो.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती एकदाच गायली. शेवटच्या ओळीला आवाज चिरकला, आणि नेमका त्याच वेळी खाली पत्र्यावर हातोडा पडला. सुमितनं दोन्ही दुरुस्त करायला घेतलं. कॉम्प्युटरवर हल्ली काहीही सरळ करता येतं.

गिरिजा कुजबुजली, "हातोडा काढ. चिरकलंय ते राहू दे. ते माझंय."

रघू मात्र खट्टू झाला. तो हातोडा त्याला स्वतःचाच ठोका वाटला होता!

*

पहिली नमुन्याची तबकडी आली तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. आम्ही उत्साहानं खोकं फोडलं आणि एकमेकांकडे बघत राहिलो. आम्हा तिघांत मिळून एकाकडेही रेकॉर्ड प्लेअर नव्हता! आणि सुमितनं तर आम्हांला व्हिनाइलवर व्याख्यानं दिलेली: छोटी तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं लावायची, चुकून तेहतीसवर लावली तर सगळं संथ आणि जाड ऐकू येतं.

"लग्नाचा हॉल बुक केला, मुलगी बघायची राहिली," रघू म्हणाला.

*

प्लेअर निघाला गिरिजाच्याच घरी. तिचे वडील, अप्पा, भजनांच्या मोठ्या तबकड्या ऐकायचे, म्हणून त्याचं बटण कायम तेहतीसवर. आमचं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ऑपरेशननंतर गिरिजाचा आवाज जाड, खोल झाला होता, दुसऱ्याच कुणा बाईचा वाटावा असा. ती म्हणायची, गाणं संपलं माझं. घरात गाणं लागलं की उठून आत जायची, म्हणून अप्पांनीही प्लेअरवर कापड टाकून ठेवलेलं. आम्ही गेलो तेव्हा ती ऐकायला तयारच नव्हती. अप्पांनी आग्रह केला म्हणून दारापाशी उभी राहिली.

अप्पांनी तबकडी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सुई टेकवली. मशीनचा ठेका जड पावलं टाकत आला. रघू माझ्या कानाशी म्हणाला, "थांबलं बघ शेवटी." मग आवाज आला. जाड, खोल, सावकाश. सुमितनं बटणाकडे हात नेला. गिरिजानं पुढे येऊन त्याचं मनगट धरलं.

अप्पा खाली मान घालून ऐकत होते. शेवटची ओळ चिरकली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"ऑपरेशननंतर गायलीस होय गं? बोलली नाहीस ते."

गिरिजानं आमच्याकडे पाहिलं नाही. त्याच जाड आवाजात म्हणाली, "हो, अप्पा."

अप्पांनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.