पहिला कोण जाणार

आमच्या घरात एक खेळ होता. टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की सुरुवातीलाच ओळखायचं, ह्यातला पहिला कोण जाणार. खेळाचे नियम आमचे आम्हीच बसवले होते. ज्याचं लग्न ठरलंय तो जाणार. ज्याला गावाहून पत्र आलंय तो जाणार. आणि ज्याची सुट्टी मंजूर झालीय, त्याच्यावर तर पैज लावायलाही कुणी तयार नसे. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसून भाकऱ्या थापायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "तो मगाचा हसरा गेला समजा." ती सहसा चुकत नसे.

बाबांना हा खेळ आवडत नव्हता, पण सिनेमे मात्र त्यांच्यामुळेच लागायचे. बाबा मूळचे रायगडकडचे. आयुष्य काशीमीऱ्याच्या एका गोदामात स्टोअर सांभाळण्यात गेलं, बंदूक कधी हातातही धरली नाही. पण भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला त्यांचाच हुकूम चालायचा. केबलवाला त्या दिवशी त्याच्या चॅनेलवर जुने युद्धपट लावायचा. अट एकच, गोष्ट खरी हवी. मनानं रचलेल्या लढाईला बाबा तुच्छतेनं 'मारामारी' म्हणायचे. पडद्यावर 'सत्य घटना पर आधारित' अशी अक्षरं उमटली की ते आवाज वाढवायचे आणि आमच्याकडे वळून सांगायचे, "हे खरं घडलंय हां." सांगण्याचा थाट असा, की जणू स्वतः तिथे खंदकात बसून आले होते. मी विचारायची, "बाबा, तुम्ही कुठल्या तुकडीत होतात?" ते रागवायचे नाहीत. शू करून गप्प बसवायचे.

त्या सिनेमांत एवढं काय होतं, ह्याचा मी पुढे खूप विचार केला. शेवट आधीच माहीत असायचा. ती चौकी पडणार नाही आणि तो अधिकारी परत येणार नाही, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. तरीही तो गोळीबारात धावत सुटला की आम्ही श्वास धरायचो. रचलेल्या गोष्टीत कुणी मेला तर लेखकावर चिडता येतं. खऱ्या गोष्टीत दाद मागायला कुणीच नसतं, म्हणून रडू जास्त येतं आणि रडल्यावर बरंही जास्त वाटतं. खरं कारण मात्र मला फार उशिरा सापडलं. ते सगळं खरं होतं, पण दुसऱ्याचं होतं.

मग माझा मोठा भाऊ फौजेत गेला. सिनेमांनी त्याला नेलं असं आई म्हणायची, नोकरीसाठी गेला असं बाबा म्हणायचे. दोघंही खोटं बोलत नव्हते.

दोन हजार एक सरता सरता सरहद्दीवर फौज जमायला लागली. दादाची पलटणही हलली. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही. दर रविवारी येणारा त्याचा फोन कधी यायचा, कधी नाही. घरात बातम्या लागायच्या, सिनेमा लावायचं नाव कुणी काढत नव्हतं. आमचा तो खेळ कधी बंद झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सव्वीस जानेवारीला बिल्डिंगच्या कमिटीनं कंपाउंडमध्ये पडदा लावला. सेक्रेटरी सकाळीच येऊन आईला सांगून गेले, "भाभी, अपनी बिल्डिंग का जवान है, शाम को फॅमिली को आगे बैठना है." दादाचा वर्दीतला फोटोही मागून नेला. संध्याकाळी आम्ही खाली उतरलो, तर पडद्याशेजारी टेबल मांडलेलं. त्यावर देशाच्या थोर नेत्यांच्या तसबिरी, हार घातलेल्या, पुढे निरांजन, उदबत्ती. त्याच रांगेत शेवटी दादा. त्याच्या फोटोलाही झेंडूचा हार.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एक हार उरला होता, म्हणून घातला, एवढंच. पण आई जागीच थिजली. मग सगळ्यांसमोर पुढे झाली, हार काढला, फोटो पदराखाली घेतला आणि जिने चढून वर गेली. मागे पडद्यावर ती अक्षरं उमटली. बाबा पुढच्या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी 'हे खरं घडलंय' म्हणायला ते आमच्याकडे वळले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आम्ही त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती, आणि साखरपुड्यासाठी त्याला सुट्टी मिळाली होती. त्या दिवसांत सुट्टी मिळणं म्हणजे नशीबच. मी आनंदानं ओरडले आणि आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. लग्न ठरलेलं, सुट्टी मंजूर. आमचे नियम तिला तोंडपाठ होते.

"वेडेपणा करू नका," बाबा म्हणाले. "सिनेमा वेगळा."

"तुम्हीच सांगायचात ना, खरं असतं म्हणून," आई म्हणाली.

तो येईपर्यंत तिनं साखरपुड्याचं एकही आमंत्रण केलं नाही. साडी काढली नाही, सामान भरलं नाही. फोन वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं. मी तिला हसत होते, आणि फोन तिच्या आधी मीच उचलत होते.

दादा आला. धडधाकट, काळवंडलेला, भुकेला. साखरपुडा साधाच झाला, पण झाला. आई त्याच्याकडे पाहून पाहून थकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवून उठत होतो आणि त्याच्या पलटणीतून फोन आला. दादा ऐकत राहिला. "कधी?" एवढंच बोलला. त्यानं रिसीव्हर ठेवला. मग म्हणाला, "सुरुंग पेरत होते. माझा साथीदार गेला." आणि पुढे म्हणाला, "माझ्या जागी होता."

"देव पावला," आई म्हणाली.

ती असं मुद्दाम बोलली नाही. तोंडातून निघून गेलं. मीसुद्धा तेच म्हणाले असते, फक्त तिचं आधी निघालं. दादानं तिच्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून पेलत नाही. संध्याकाळी तो साथीदाराच्या गावी, साताऱ्याकडे निघाला. तिथूनच परस्पर पलटणीत गेला.

युद्ध काही झालं नाही. पुढे कित्येक महिन्यांनी फौजा मागे आल्या. न झालेल्या लढाईवर सिनेमा कोण काढणार? दादा दिवाळीनंतर सुट्टीवर आला, तेव्हा एक दिवस दारात अनोळखी बाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, हातात पिशवी, बरोबर दीर. साताऱ्याहून एसटीनं काशीमीऱ्याला उतरून विचारत विचारत आल्या होत्या. दादा त्यांना बघून उठला आणि पाया पडला, तेव्हा आम्हाला कळलं, ही त्याच्या साथीदाराची आई.

आईनं पाणी दिलं, पण तिला मान वर करता येईना. बाई म्हणाल्या, "काही काम न्हाय. ह्याला एकदा बघायचं हुतं."

मग त्याच म्हणाल्या, "आधी त्याचीच सुट्टी हुती. ह्याचा साखरपुडा हाय म्हणून ह्याला दिली. फोनवर मला म्हनला, आई, मी नंतर येतो."

हे दादानं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तो खाली बसला होता. बाईंनी त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "जेवतोस का न्हाय नीट?" म्हणाल्या.

आई त्यांची ओटी भरायला म्हणून आत गेली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी बघायला गेले. नारळ, तांदूळ, खण सगळं ताटात काढलेलं होतं. ते ताट धरून आई ओट्याशी उभी होती. मला म्हणाली, "तू भर गं. माझ्या हातानं नको."