मल्लिनाथकाकांचा कागद

होटगी रस्त्यावरच्या आमच्या पशुखाद्य कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा मल्लिनाथकाका खाद्याच्या मूठभर गोळ्या गालाला लावून उभे होते. मला वाटले, दाढ दुखत असावी. ते म्हणाले, "हात लावून बघ. अजून ऊन हाय. आत्ता तेल सोडलं तर त्यातलं औषध मरतंय."

काका या महिन्यात साठी पूर्ण करून निवृत्त होत आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंतच. तरी नोंदवही मी लिहितो म्हणून त्यांच्या निरोपाचा हा लेखही माझ्याकडे आला.

आमचे काम बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. कोंबड्यांच्या खाद्याची गोळी वाफेवर शिजून, यंत्रातून दाबून निघते. त्या उष्णतेत जीवनसत्त्वे टिकत नाहीत. म्हणून गोळी निवल्यावर फिरत्या ड्रममध्ये तिच्यावर जीवनसत्त्वे मिसळलेले तेल फवारतात. काकांची उमेदीची सगळी वर्षे या ड्रमजवळ गेली. आंघोळ केली तरी भाकरीला कोंड्याच्या तेलाचा वास येतो, असे ते सांगतात. तक्रार म्हणून नव्हे, थकल्या आवाजात, नुसते.

त्यांची एक रीत आहे. प्रत्येक खेपेला पाच पोत्यांतल्या गोळ्या जुन्या वर्तमानपत्रावर दाबायच्या. तेलाचे पाचही डाग सारखे उमटले, तरच पोती शिवायची. याला आम्ही 'कागद करणे' म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात काका अक्कलकोटला लग्नाला गेले होते. मीटरवर तेलाचे माप अचूक होते, म्हणून मी कागद केला नाही. नोंद मात्र व्यवस्थित लिहिली. दुपारनंतर काका लग्नाच्या कपड्यांतच कारखान्यात आले आणि टेम्पोत चढलेली पोती उघडून त्यांनी कागद केला. दोन डाग काळेभोर, तीन जागा कोरड्या. तेल फवारणारे एक नोझल तुंबले होते. सगळे तेल उरलेल्या नोझलांतून एकाच बाजूला पडले होते.

काकांनी नोंदवही पाहिली. "अक्षर लई देखणं हाय तुझं. पण कोंबडीला वाचता येत न्हाय की."

"काका, मालक मला काढून टाकतील."

"काढत्यात का ठेवत्यात, ते सांगितल्याबिगर कसं कळणार? चल. बोलायचं तू. मी शेजारी उभा ऱ्हातो."

मी सांगितले. मालक बोलायचे ते बोलले. काका शेजारून हलले नाहीत. माझी नोकरी राहिली. मग आम्ही टेम्पो रिकामा केला आणि एकेक पोते उसवले. काकांचे नवे धोतर त्या दिवशी जे तेलकट झाले, ते पुन्हा पांढरे झालेच नाही.

तेव्हापासून मी कागद तीनदा तपासतो आणि माझ्यानंतर काका चौथ्यांदा. एकदाही चुकवले नाही. ते गेल्यावर चौथ्यांदा कोण पाहणार, या काळजीने मला हल्ली नीट जेवण जात नाही.

गेल्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे कागद त्यांच्यापुढे धरला. काका थप्पीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले.

"तू बघितलास न्हवं?"

"व्हय, काका."

"मग शिव पोती."

काकांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, भाकरीला भाकरीचाच वास येवो. सकाळी त्यांनी खुशाल उशिरापर्यंत झोपावे. कागद मी बघतो.