तळव्याखालचा चेंडू

रबराचा वास आला की शिरगावातला आमच्या सोसायटीचा हॉल आठवतो. सकाळी आम्ही बायका तळव्याखाली कडक चेंडू फिरवायचो, मग सावकाश श्वास घ्यायचो. स्नायूंवरचं आवरण सैल होतं, डोकं तल्लख राहतं, असं शिकवणाऱ्या बाई सांगायच्या. माझा चेंडू तिथंच शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं उल्हासनगरहून आणून दिलेला. स्टेशनवरून येताना एकदा मी घरचा रस्ताच विसरले, हे फक्त तिला सांगितलं होतं, गळ्याची शपथ घालून. दुसऱ्याच दिवशी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काकू, रस्ता विसरता ना तुम्ही? या, पुढे बसा." मी मैत्रिणीकडे पाहिलं. बाईंनी अजून 'सुरू करा' म्हटलंही नव्हतं, आणि ही डोळे मिटून लांब श्वास घेत बसलेली! हल्ली मी पुष्कळ विसरते. मेलं एवढंच विसरत नाही.