मंडईतले शाहीर आणि माझा कॅमेरा

पवनीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली फोटो सगळे मोबाइलवरच काढतात, माझ्याकडे येतात ते पासपोर्ट साइजवाले. त्यामुळे दुपारी मित्र जमले की जुने अल्बम निघतात, आणि एक पान उलटलं की तीन किस्से सांडतात! त्यातले बहुतेक शाहीर बकारामबुवांच्या पार्टीचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे, पाळणे, जिलेबी, आणि भरदुपारी मंडपात उभ्यानं गाणाऱ्या शाहिरांची खडी गंमत. पंचवीस वर्षं मी त्या मंडपासमोर कॅमेरा घेऊन उभा आहे.

*

पहिलीच मंडई सिहोऱ्याची. बुवा डफ वाजवत रंगात आले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बुवा कडव्याच्या मधेच थांबले! डफ छातीशी, नजर समोर, एकदम अटेन्शन. त्यांचं पाहून अख्खी पार्टी ताठ. ढोलकी बंद. लोक ओरडायला लागले.

"बुवा, गात राहा ना!" मी खालून म्हटलं.

ओठ न हलवता बुवा म्हणाले, "गाऊ का फोटो काढू? तोंड एकच हाय ना बापू!"

*

त्यांचा ढोलकीवाला झिबल. त्याच्या प्रत्येक फोटोत हातांच्या जागी नुसता धूर यायचा. त्याचा वेग माझ्या कॅमेऱ्याला झेपत नव्हता, आणि ते सांगायची मला लाज वाटायची. एकदा भीतभीतच मोठी प्रिंट दिली. तो बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता शिव्या खाणार!

त्यानं फोटो फ्रेम करून घरी लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "पाहा, कॅमेऱ्याच्या बी हाती नाही लागलो!"

*

एकदा नागपूरच्या एका पेपरनं माझे दोन फोटो छापले. एक बुवांचा, दुसरा त्यांच्याशी सवाल-जवाब करणाऱ्या शाहिरांचा. खालच्या नावांची अदलाबदल झाली!

सकाळीच बुवा स्टुडिओत. "माह्या फोटोले त्याचं नाव काहून देलं?" चहा पाजून कसंबसं शांत केलं.

दुपारी दुसरे शाहीर आले. तोच पेपर टेबलावर आपटून म्हणाले, "माह्या नावाले त्याचं थोबाड काहून देलं?"

*

हा किस्सा मी पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितला नव्हता. बुवांची आई गेली त्या वर्षी त्यांनी तिच्यावर गाणं बांधलं. मंडईत ते गायले तेव्हा जिलेबीवाल्यानं कढई उतरवून ठेवली होती. मी छत्तीस फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर रोल पुढे सरकलाच नव्हता. एकही फोटो नाही!

आठ दिवस तोंड लपवलं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्या शेतावर गेलो. धानाची कापणी चालू होती. बांधावर उभा राहून खरं ते सांगून टाकलं. बुवा उठले, फेटा झटकून बांधला, आणि हातात विळा तसाच ठेवून पहिल्या शब्दापासून पूर्ण गाणं म्हटलं. कापणाऱ्या बाया डोळे पुसत होत्या.

"आता तरी आला का फोटो?" त्यांनी विचारलं.

"बुवा," मी म्हटलं, "ऐकता ऐकता काढायचाच राहिला."

*

पार्टीतला नाच्या, म्हणजे लुगडं नेसून नाचणारा पुरुष, वरठीचा देवाजी. एरवी सायकलनं कारखान्यात जाणारा कामगार, मंडईच्या दिवसांत रजा टाकून स्टेजवर. मागच्या वर्षी तो गेला. तेरवीच्या आधी त्याची बायको शांताबाई आणि मोठा मुलगा स्टुडिओत आले. घरात लावायला फोटो मोठा करून हवा होता. मुलानं कारखान्याच्या ओळखपत्राचा फोटो पुढे केला. "काका, हाच करून द्या."

शांताबाई म्हणाल्या, "भाऊ, मंडईतले दाखवा."

मी अल्बम दिला. एकेक पान उलटत त्या एका फोटोवर थांबल्या. हिरव्या लुगड्यातला देवाजी, कमरेवर हात, मान वळवून हसणारा.

"हा."

मुलगा कावराबावरा झाला. "माय, लोक काय मनतील? बाबाचा बाईच्या कपड्यातला फोटो भिंतीले लावू?"

शांताबाईंनी पदरानं फोटो हळूच पुसला.

"कोन्या बाईचं नाही रे," त्या म्हणाल्या. "माहं लुगडं हाय ते."