शेवग्यावरचे घुले

घुला, म्हणजे शेवग्यावरचा केसाळ सुरवंट, जन्मला की खातो आणि खाऊन झालं की हगतो, दुसरं काम नाही. मोठा होऊन त्याचा पिवळट पतंग होतो, तो बाथरूमच्या दिव्याला आपटत बसतो. असल्या जिवाची मला कधी माया आली नाही. पण माणसं बघितली की घुला बरा वाटतो.

डोंबिवलीत मुलाच्या बिल्डिंगमागे मी शेवग्याची फांदी खोचलेली. मी खाडीकाठची कोळीण, शेवग्याच्या पाल्यात सुकट घातली की मला दुसरं काही लागत नाही. झाड दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. शेंगा सगळी बिल्डिंग फुकट न्यायची. पावसाळ्यात केसाळ घुले दिवसा खोडाला गोधडीसारखे चिकटायचे आणि रात्री वर चढून पाला खायचे. मी काठीला तेलाची चिंधी बांधून त्यांना जाळायची.

यंदा चेअरमनच्या बायकोच्या मानेवर घुला पडला. चेअरमन लगेच आमच्या दारात.

"आजी, झाड तोडायचं ठरलंय. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दिलाय. तसाही दारात शेवगा असू नये म्हणतात."

"हे शेंगा चोखताना नाही आठवलं? झाड राहू दे. घुले मी उद्या जाळते."

"तिथून आता गॅसची पाइपलाइन गेलीय, आजी. आग नको."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तोडणारा आला, झाड आडवं करून गेला. घुल्यांना कुणी हात लावला नाही. झाड गेलं की घुले गेले, असा या शिकलेल्यांचा हिशोब. उन्हात पाला सुकला तसे उपाशी घुले उठले आणि पाइपावरून वर निघाले. दोरीवरच्या टॉवेलांत शिरले, चपलांत शिरले. संध्याकाळी सगळी बिल्डिंग जिन्यात उभी राहून खाजवत होती. चेअरमनच्या बायकोने गळाभर टूथपेस्ट फासलेली.

"आजी, काय लावू हो?"

"घोंगडी घासा, रुतलेले केस निघतात. घरात नसेल तर ग्रुपवर मागा."

झाड पडल्या पडल्या मी जाऊन कोवळा पाला खुडून आणला होता. तो झटकून, धुऊन सुनेच्या गॅसवर टाकला.

सून म्हणाली, "आई, शेजारी वाटीभर देऊ का?"

"नको."

भाजी शिजून मूठभर झाली. मी एकटीने खाल्ली.