अर्धं परकं

कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे कडकवहिनी म्हणत. इस्त्रीही कडक, जीभही कडक. तिच्या हातची घडी लांबूनच ओळखू यायची. कॉलर कशी मान ताठ करून बसलेली. आठवा महिना लागला तरी ती टेबलाशी उभीच. पाय सुजले, बोटातली अंगठी निघेना, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, "अंग छान भरलंय हो!" तीही हसली. मग डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. एका पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच टेकून राहिली आणि करपल्याचा वास सुटला, तेव्हा सासू तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. "आजच भरती व्हा. दोघांच्याही जिवाला धोका आहे."

"पण झालं कशानं?" सासूनं विचारलं.

"नेमकं कारण कुणालाच सांगता येत नाही, आजी. पण आईच्या शरीराला बाळ अर्धं परकंच असतं. रोगाशी लढणारी ताकद एरवी परक्याला हाकलते. पोटातल्या बाळाला मात्र सांभाळून घेते. हिच्यात ते नीट जमलं नसावं. मग बाळाला पोसणारी वार धड रुजत नाही, आईचा रक्तदाब चढतो, आणि..."

पुढचं सासूनं ऐकलंच नाही. ती ताडकन उठली. "माझ्या लेकाचं मूल परकं? तोंड सांभाळा बाई! चल गं, ऊठ."

जिन्यापाशी सून कठड्याला टेकली. तिला धाप लागली होती.

"आई, थांबा. त्या मला नावं नाही ठेवत. बाळातलं अर्धं तुमच्या मुलाचं. तेवढं माझ्या अंगाला परकं, एवढंच."

"नवऱ्याचं कधी परकं असतं होय?"

"मी नवी होते, तेव्हा माझ्या हातचा चहा तरी घ्यायचात का?"

सासू पुटपुटली, "साखर फार घालायचीस." आणि सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेऊन मागे वळली. "रेल माझ्यावर. हळू."

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. मूठभर आहे, पण श्वास घेतेय. काचेच्या पेटीत ठेवलंय."

"आणि माझी?" सासूनं विचारलं.

"शुद्धीवर आलीय. रक्तदाब अजून उतरायचाय, इतक्यात सोडणार नाही."

सासू सुनेच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली. "नात मग बघीन. आधी हिला बघू द्या."